वेलचीला एवढे वलय कशासाठी?

महोदय,

क्रिकेटचा सामना लावला की दर थोड्या षटकांनी कुणीतरी बडा नट वेलचीची पुडी नाचवत येतो. निव्वळ वेलची विकून असे मानधन परवडते, हे गल्लीतल्या किराणा दुकानदारालाही पटणार नाही. पानमसाल्याच्या पुडीवर तेच नाव आणि तोच रंग असतो, म्हणून ते परवडते. महाराष्ट्रात गुटखा-पानमसाल्यावर २०१२ पासून बंदी आहे. नाव मात्र टीव्हीवरून रोज घरात येते, पोरांच्या तोंडी बसते.

अशा आडून केलेल्या जाहिरातींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मनाई केली. त्याआधीच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाख. कोट्यवधी घेणाऱ्याला हा चहापाण्याचा खर्च. त्याच कलमात एक वर्ष, आणि पुन्हा चुकल्यास तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदीचीही सोय आहे. खरा चाप तो. पण ओढायचा कुणी?

अमिताभ बच्चन २०२१ मध्ये अशा करारातून बाहेर पडले, अक्षयकुमार यांनी २०२२ मध्ये चाहत्यांची माफी मागितली. दोन्ही वेळा ओरड लोकांनी केली होती. कायदा कपाटातच होता.

आणि हो, वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरही ही वेलची अधूनमधून दरवळते. आपल्या जाहिरात विभागाचे याबाबतचे धोरण काय, ते याच सदरात छापाल का?

– एक वाचक, सातारा