बाळाला तिकीट नाही, म्हणून जागाही नाही का?

मा. संपादक,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं, तान्ह्या बाळांना थीम पार्कात घेऊन जाणाऱ्या आईबापांबद्दल. त्या जिवाला काय कळतंय, हा सगळा आईबापांच्या फोटोंचा सोस, असा एकंदर सूर होता. बायकोने पेपर माझ्यापुढे टाकला आणि म्हणाली, घे, आपल्यावरच लिहिलंय. कारण आम्ही नुकतेच जाऊन आलो होतो, साडेपाच महिन्यांचं पोरगं घेऊन. म्हटलं उत्तर देऊच.

पहिली गोष्ट म्हणजे आम्ही बाळासाठी गेलोच नव्हतो. बाळाला खरंच काही कळत नाही, त्याला घरचा फिरता पंखा दाखवला तरी तो तेवढाच खूश असतो. आम्ही गेलो मोठीसाठी. ती सहा वर्षांची आहे, आणि धाकटा आल्यापासून तिच्या वाट्याला काय आलं तर हळू बोल, तो झोपलाय, आत्ता नको, नंतर खेळू, मम्मी दमलीये. बिचारीने पाच महिने ऐकून घेतलं. सुट्टी लागल्यावर तिने एकच मागितलं, ते मोठ्या पाळण्यांचं पार्क, आणि आपण चौघं मिळून. आता अंगावर पिणारं बाळ दिवसभर घरी ठेवायचं कसं? आई येणार तर बाळ येणारच. तिथे जी तान्ही बाळं दिसतात ना त्यातली बरीचशी अशीच कुणातरी ताईदादाच्या मागे आलेली असतात, हे त्या काकांच्या लक्षात आलं नसावं. (काका म्हणतोय, राग नसावा.)

पण तान्ह्या बाळाला अशा ठिकाणी त्रास होईल, हे काळजीचं जे ते बोलले ते मी उडवून लावणार नाही. जायच्या आधी आम्ही बाळाच्या डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण पंधरा मिनिटं बसवून सगळं सांगितलं आणि त्यातलं निम्मं आम्हाला, दुसऱ्या खेपेचे आईबाप असूनही, माहीत नव्हतं. गोवराचंच घ्या. गोवराची पहिली लस साधारण ९ ते १२ महिन्यांच्या वयात मिळते, त्याआधीचं बाळ आईकडून आलेल्या थोड्याफार प्रतिकारशक्तीवरच असतं, आणि हा विषाणू असा की आजारी माणूस निघून गेला तरी त्या बंद जागेच्या हवेत २ तासांपर्यंत राहू शकतो. २०१४ च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमधून जी गोवराची साथ पसरली त्यात शंभरावर लोक आजारी पडले आणि लस घ्यायचं वयच न झालेली बाळंही त्यात होती. म्हणून आम्ही ठरवलं की बंद हॉलमधले शो, थ्रीडी पिक्चर वगैरे बाळाला घेऊन बघायचे नाहीत, उघड्यावर राहायचं, आणि कुठे गोवराची साथ चालू असल्याचं कळलं तर जायचंच नाही, पोरीने कितीही तोंड फुगवलं तरी.

दुसरं ऊन. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन शक्यतो लावत नाहीत, त्याची कातडी फार पातळ असते, त्यामुळे सावली, टोपी आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे एवढंच. प्रॅमवर पातळ का होईना ओढणी टाकून झाकायची सवय सगळ्यांना असते, आम्हालाही होती, पण त्याने आतली हवा खेळायची थांबते आणि आत भट्टी होते, बाहेरून आपल्याला वाटतं की वा, बाळ कसं सावलीत आहे. डॉक्टर म्हणाले, झाकायचं नाही, प्रॅमच सावलीत घेऊन जायची आणि दर थोड्या वेळाने मानेच्या मागे हात लावून बघायचं, हातपाय बघून कळत नाही. आणि पाणी! रांगेत आमच्या पुढच्या एक आजी तीनदा म्हणाल्या, अगं पाणी पाज त्याला, घसा सुकला असेल. मायेनेच म्हणत होत्या, पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाणीसुद्धा द्यायचं नसतं, उकाडा असला तरी फक्त दूध, ते जास्त वेळा. पाण्याने पोट भरतं आणि दूध कमी जातं, आणि जास्तच पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं. बायको हो हो म्हणाली आणि दूध पाजायला जागा शोधायला निघाली. इथून खरी गोष्ट सुरू होते.

म्हणजे खरं तर गेटवरच सुरू झाली होती. बाहेरचं खायचं-प्यायचं आत न्यायचं नाही असा नियम, ठीक आहे, पण बॅग तपासणाऱ्या माणसाने थर्मासमधलं उकळलेलं पाणी, पावडरचा डबा आणि बर्फाच्या पॅकमध्ये ठेवलेली बायकोच्या काढलेल्या दुधाची बाटली असं सगळं बाजूला काढून ठेवलं. मी म्हटलं दादा हे आईचं दूध आहे, हे तुमच्या कॅन्टीनमध्ये मिळतं का? मागचे लोक हसले, तो बिचारा लाजला, त्याने साहेबाला विचारलं, साहेबाने त्याच्या साहेबाला, आणि वीस मिनिटांनी बाटली सोडली. चूक त्या माणसाची नव्हतीच, त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं की बाळाचं दूध म्हणजे बाहेरचं खाणं नव्हे. पाटीवर एक ओळ वाढवायची फक्त. आणि बाटलीचं घड्याळ चालू असतं हो, काढलेलं दूध थंड बॅगेत बर्फाबरोबर २४ तास चालतं पण बाहेर काढून ठेवलं तर फारतर ४ तासांचा हिशोब सुरू होतो, उकाड्यात त्याहूनही कमी, आणि पावडरचं बनवलेलं दूध तर बाळाने तोंड लावल्यापासून तासाभरात संपवायचं नाहीतर फेकायचं. रांगेत उभ्या माणसाला हे गणित कळत नाही, बाळ रडायला लागलं की कळतं.

तर पाजायची जागा. एवढं मोठं पार्क, नकाशावर फोटो काढायच्या जागासुद्धा दाखवलेल्या, पण बाळाला पाजायला खोली? चौकशीच्या खिडकीवर सांगितलं की लेडीज टॉयलेटमध्ये बघा. म्हणजे आपण जिथे बसून घासभर खाणार नाही तिथे बाळाने जेवायचं. शेवटी बायकोने एका बंद पडलेल्या राइडच्या मागे, जनरेटरच्या आवाजात, भिंतीकडे तोंड करून पाजलं आणि मी दुपट्याचा पडदा धरून उभा. डायपर बदलायचं टेबल लेडीजमध्ये एक होतं, तुटलेलं, जेंट्समध्ये तर नव्हतंच. मला एक कळत नाही, बापाने डायपर बदलायचाच नाही असं कुणी ठरवलंय? बायको त्या वेळी मोठीला घेऊन रांगेत होती, तर मी पोराला बाकावर आडवं घालून सगळ्या जगासमोर काम उरकलं आणि एक बाई जाता जाता म्हणाल्या, इथे काय हे. बाई, मलाही तेच म्हणायचंय, इथे काय हे!

हे काही अशक्य कोटीतलं मागणं नाही. डिस्नीच्या पार्कांमध्ये बाळांसाठी वेगळी सेंटर असतात, पाजायला शांत खोली, बदलायला टेबलं, बाटली गरम करायची सोय. तेवढं थाटाचं नसलं तरी चालेल. एक खोली, दोन खुर्च्या, एक पंखा, हात धुवायला नळ, आणि आतून लागणारी कडी. कडी महत्त्वाची.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते रांगेबद्दल, कारण तिथे काही बांधायचंसुद्धा नाहीये. मोठीला जी राइड हवी होती तिथे तिच्यासोबत मोठं माणूस लागतं असा नियम, बरोबरच आहे. बाळ आत चालत नाही, तेही शंभर टक्के बरोबर आहे, आणि इथे मी आईबापांना सांगेन की गेटवरच्या पोरांशी हुज्जत घालू नका. उंचीची पट्टी उगाच लावलेली नसते, तो बार किंवा पट्टा त्या मापाच्या शरीराला धरून ठेवण्यासाठी बनवलेला असतो, बाळाला तो धरणारच नाही. आणि लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मान कच्ची, एक झटकासुद्धा फार. घट्ट धरते हो मी, असं एक ताई म्हणत होत्या, पण वेग आला की माणसाचे हात पट्ट्याचं काम करू शकत नाहीत. बाळाला घेऊन बसता येईल असं एखादी संथ ट्रेन, घोड्यांचा चक्रीपाळणा, बस्स.

तर झालं असं की मी मोठीला घेऊन रांगेत उभा राहिलो, तासभर. बायको बाहेर बाळाला घेऊन. आम्ही बसून आलो, पोरीचे डोळे असे चमकत होते, बाहेर येऊन पहिलं वाक्य, आता मम्मीबरोबर! आणि बायकोलाही बसायचं होतं हो, वर्षभर ती कुठे गेली नव्हती, आधी पोट होतं मग बाळ. तर गेटवर विचारलं, तो म्हणाला पुन्हा रांगेत मागून या. पुन्हा एक तास. तोवर बाळाची झोपेची वेळ, म्हणजे संपलंच. बायको म्हणाली जाऊ दे, मी इथूनच हात करते. आणि दुसऱ्या राइडला, तिसऱ्या राइडला, प्रत्येक वेळी ती खालून हात करत राहिली. मी म्हटलं पुढच्याला तू जा, तर बाळ नेमकं तेव्हाच भुकेचं रडायला लागलं, त्याला काय माहीत कोणाचा नंबर आहे.

यावर उपाय जगभरात कधीचा निघालाय. डिस्नीवाले त्याला राइडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सल स्टुडिओच्या पार्कवाले चाइल्ड स्वॅप. कुटुंबाने गेटवर सांगायचं की आमच्याबरोबर बाळ आहे, एक मोठा माणूस राइड करून येतो, दुसरा बाळाला घेऊन थांबतो, मग पहिल्याने बाळ घ्यायचं आणि दुसऱ्याने परत सगळी रांग न लावता आत जायचं. आणि यातली गंमत अशी की मोठ्या भावंडाला बहुतेक वेळा दोन्ही फेऱ्यांना सोबत म्हणून जाता येतं, म्हणजे एरवी ज्या बाळापायी तिचं सगळं हुकतं त्याच्यामुळेच तिला दोन चकरा! आमच्या घरात तर याने शांतता करार झाला असता. याला खर्च काय येतो तर एक शिक्का किंवा एक कागदाची चिठ्ठी आणि गेटवरच्या मुलाला पाच मिनिटं समजावून सांगणं. मी तिथल्या मॅनेजरना हे सांगितलं, ते म्हणाले आयडिया चांगली आहे, सजेशन बॉक्समध्ये टाका. टाकलंय. बॉक्सला कुलूप गंजलेलं होतं, म्हणून इथेही लिहितोय.

खरं कारण मला वाटतं तिकिटात आहे. तान्ह्या बाळाला तिकीट नसतं, कुठे वयावर कुठे उंचीवर, पण बाळ फुकटच. म्हणून त्यांच्या हिशोबात ते बाळ आलेलंच नाही, आम्ही तिघंच आलोय, आणि तिसरीसाठी उंचीची पट्टी तयार आहे. पण त्या फुकट बाळामुळे एक पूर्ण तिकीट काढलेली बाई दिवसभर प्रॅमशेजारी उभी होती त्याचं काय? घ्या हो बाळाचंही थोडं तिकीट, मी देईन, पण मग तो आत आलाय हे मान्य करा.

पाण्याच्या भागात आम्ही गेलोच नाही, त्याबद्दल एवढंच सांगतो की पोहण्याचे डायपर फारतर शी थोडा वेळ थोपवतात, शू नाही, आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा जंतू नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवड्याहून जास्त टिकू शकतो. बाकी ज्याचं त्याने ठरवावं. संध्याकाळच्या परेडच्या स्पीकरपासून मात्र आम्ही पळालो, बाळ एकदम दचकून निळंजांभळं झालं रडून रडून. कानावरून बसणारे हेडफोनसारखे मफ मिळतात ते न्यायला हवे होते, आणि ते असले तरी स्पीकरपासून लांबच थांबायला हवं होतं, ही चूक सपशेल आमची.

काकांना एवढंच सांगायचंय की फोटो आम्हीही काढले. अठ्ठावन्न निघाले. त्यातल्या एकातही आम्ही चौघं एकत्र नाही, कारण कोणीतरी एक कायम प्रॅमजवळ होतं.

आपला,
एक वाचक, दोन पोरांचा बाप

ता. क. प्रॅम नेणाऱ्यांनी तिला काहीतरी ठळक बांधावं, लाल नाडी, जुनी ओढणी, काहीही. राइडच्या बाहेर सगळ्या काळ्या प्रॅम ओळीने उभ्या असतात आणि आम्ही चांगलं शंभर पावलं दुसऱ्याचीच ढकलत गेलो, बाळ बायकोच्या कडेवर होतं म्हणून लक्षातच आलं नाही. आतला हत्ती कोणाचा हे मोठीने विचारलं तेव्हा कळलं.