कॅमेरा दाराबाहेरच का थांबतो?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या पहिलटकरीण भाचीला कळा सुरू झाल्या म्हणून आम्ही मध्यरात्री इंदूरच्या एका रुग्णालयात पोहोचलो. "अजून बराच अवकाश आहे, घरी जाऊन आराम करा," असे तिथल्या सिस्टरने सांगितले, पण भाचीला ते पटेना. एक जोराची किंकाळी, धावती गाडी, बंद दारावरचा लाल दिवा आणि दोन मिनिटांत बाळाचे रडणे, एवढाच क्रम तिने लहानपणापासून मालिका-सिनेमांत पाहिलेला असल्यामुळे तासन्‌तास येत-जात राहणाऱ्या सौम्य कळा म्हणजे काहीतरी बिघडल्याचेच लक्षण असे तिने धरले, आणि पहाटेपर्यंत "सरळ सिझरच करा" हे एकच पालुपद चालवले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गर्भाशयाचे तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यानंतरचा टप्पाच पहिलटकरणीत १२ तासांपर्यंत चालू शकतो, आणि त्याआधीच्या कळा किती वेळ चालतील हे तर कोणीच सांगू शकत नाही. भर बाजारात पाणमोट फुटण्याचा प्रसंग पटकथाकारांना फार प्रिय. प्रत्यक्षात दिवस भरलेल्या दहांपैकी जेमतेम एकीची पाणमोट कळांआधी फुटते.

मला अधिक खटकते ते कॅमेऱ्याचे दाराबाहेर उभे राहणे. येरझाऱ्या घालणारा नवरा, देवापुढे बसलेली सासू आणि "दोघांपैकी एकालाच वाचवता येईल" असे सांगायला बाहेर येणारा डॉक्टर आपल्याला दिसतात. जिचे बाळंतपण आहे तिला कोणी काही विचारत नाही. आत तिच्यासोबत आपले माणूस असावे, अशी याच संघटनेची शिफारस आहे आणि प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्यासाठी २०१७ पासून चाललेल्या केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ती सोय धरलेली आहे, पण पडद्यावर ते कधी न पाहिलेली मुलगी तशी मागणी तरी कशी करणार? रील्सची तऱ्हा वेगळी: तिथे बाळंतीण केस विंचरून फुग्यांमध्ये हसत बसते आणि टाक्यांच्या वेदनांचा उल्लेखही नसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सिझरचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाले. खासगी रुग्णालयांत तर ते तेव्हा ४७.४ टक्के होते. याचे खापर मालिकांवर फोडणे अन्यायाचे होईल, त्यामागे वैद्यकीय आणि आर्थिक कारणेही आहेत. मात्र भीतीपोटी सिझर मागणारी मुलगी मी स्वतः पाहिली आहे.

आमच्या आत्या-मावश्याही काही कमी नव्हत्या. डिंकाचे लाडू वळताना त्या जे किस्से सांगत, त्यांत प्रत्येक बाई मरता मरताच वाचलेली असे. पण त्यांना मध्येच थांबवून "मग पुढे काय झाले?" असे विचारता येई. आपल्या रविवार पुरवणीत इंदूरच्या अनुभवी परिचारिकांना लिहिते करावे आणि वाचकांच्या प्रश्नांसाठीही थोडी जागा राखावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सुदामानगर, इंदूर