हिरवळीऐवजी चिनी गुलाब लावावा

संपादक महोदय,

उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकर मागवणाऱ्या सोसायट्या हिरवळीवर मात्र रोज पाणी सोडतात, हे खेदजनक आहे. अशा भर उन्हाच्या जागी चिनी गुलाब, म्हणजेच ऑफिस टाइम, लावावा. त्याच्या मांसल पानांत व खोडांत पाणी साठत असल्याने मुळे धरल्यावर त्याला मोजकेच पाणी पुरते आणि बोटभर फाटा मातीत खोचला तरी तो जोमाने पसरतो. पाणी साचले तर मात्र कुजतो, म्हणून मातीत वाळू मिसळावी. अनेक जण त्याऐवजी पिवळ्या फुलांची वेडेलिया लावतात. ती जगातील १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत असून बागेबाहेर पसरली की स्थानिक रोपांना वाढू देत नाही. रोपवाटिकांनी ती विकू नये, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, पुणे