अथर्वच्या कराराविषयी

लंडन,
१८ जानेवारी

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
मुक्ताचा साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. अथर्व कोल्हापूरला परतायचे नाव काढत नाही, म्हार्दोळला आत्याकडे राहून पणजीच्या कला अकादमीत व्हायोलिन शिकतो आणि आता ‘संगीतकारच होणार’ म्हणतो. तेव्हा चित्रपट, मालिका आणि मैफल अशा तीन डगरींवर पाय ठेवून माणूस पोट भरू शकतो का, असे तुम्ही विचारले आहे. भरू शकतो, आणि खरे सांगायचे तर बहुतेकांना तिन्हींवर पाय ठेवावाच लागतो.

संगीतकार वनराज भाटियांचेच पाहा. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बूलांजे यांच्यासारख्या गुरूंकडे शिकून आलेला हा माणूस दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवीत होता आणि जाहिरातींच्या असंख्य धूनही बांधीत होता. १९७४ च्या ‘अंकुर’पासून श्याम बेनेगलांच्या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले, गोव्यातल्या लोटलीला व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या घरात चित्रित झालेल्या ‘त्रिकाल’चे पार्श्वसंगीतही त्यांचेच. दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ लागले की आई हातातले काम टाकून जे नासदीय सूक्त ऐकायची, त्याची चालही भाटियांची. ‘तमस’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि उतारवयात ते कर्नाडांच्या नाटकावर ऑपेरा लिहीत होते. तरीही २०२१ मध्ये ते गेले तेव्हा त्यांची शेवटची वर्षे पैशांच्या ओढाताणीत सरली होती, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेलच. तुमची काळजी अनाठायी आहे असे मी म्हणूच शकत नाही. पण ती नेमकी कशाची करावी, याबद्दल माझे मत वेगळे आहे.

काम मिळण्याची काळजी मला कमी वाटते, कारण हे काम हुनराइतकेच हिशेबाचे आहे आणि अथर्वचा हिशेब पक्का आहे. चित्रपटाचे संकलन पुरे झाले की दिग्दर्शक आणि संगीतकार एकत्र बसून संगीत कुठे सुरू व्हावे आणि कुठे थांबावे ते ठरवतात. तोवर संकलकाने कुणाचे तरी जुने संगीत तात्पुरते लावून ठेवलेले असते, दिग्दर्शकाच्या कानाला त्याची सवय झालेली असते, आणि मग ‘अगदी असेच, पण हे नको’ अशी फर्माईश येते. या धंद्यातला सर्वांत मोठा जाच तो हाच. पुढे सारे गणित. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) असतात, म्हणजे मिनिटाला ६० मात्रांची लय धरली तर एका मात्रेला २४ चौकटी, ७२ ची धरली तर २०. इथल्या दूरचित्रवाणीवर सेकंदाला २५ चौकटी असल्याने तेच गणित पुन्हा मांडावे लागते. दार उघडते ती चौकट समेवर यायला हवी आणि तरीही ऐकणाऱ्याला लय ओढल्यासारखी वाटता कामा नये, हे तबल्यावर बसणाऱ्या तुम्हाला मी काय समजावणार!

इथे माझ्याकडे वादकांसाठी स्वरलेखनाच्या प्रती तयार करण्याचे काम असते. पान उलटण्याची जागा विश्रांतीच्या मात्रांवरच यावी लागते, कारण कागदाची सळसळ मायक्रोफोन टिपतो. वादक तीन तासांच्या सत्रात ते कागद प्रथमच पाहतात आणि बहुधा पहिल्याच वाचनात बरोबर वाजवतात. हेच कसब गोव्याच्या चर्चच्या शाळांत घडलेल्या वादकांकडे होते, म्हणून मुंबईच्या स्टुडिओंत त्यांच्यावाचून पान हलत नसे. संगीतकाराने चाल गुणगुणायची आणि सेबास्टियन डिसूझांसारख्या संयोजकाने तिचे व्हायोलिनांच्या अख्ख्या ताफ्यासाठी लेखन करायचे, अशी वाटणी होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. स्टुडिओतल्या कमाईच्या जोरावर गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना मंचावर आणल्या. म्हार्दोळहून चालत जाण्याच्या अंतरावरचे मंगेशी हे अभिषेकीबुवांचे गाव. बुवा मैफलीचे गवई, पण १९६४ मध्ये गोवा हिंदू असोसिएशनच्या ‘मत्स्यगंधा’ नाटकाला संगीत दिल्याने त्यांच्या गाण्याला उणेपणा आला, असे कुणी म्हटल्याचे मी तरी ऐकलेले नाही. एका क्षेत्रात हात घातला की दुसरे बाटते, ही समजूत आपल्याकडे उगीचच घट्ट बसली आहे.

गोव्याच्या त्या संयोजकांची खरी हानी कागदावर झाली. बहुतेकांना दिवसाचा मेहनताना मिळे, पुष्कळदा श्रेयनामावलीत नावही नसे, आणि गाणी पुढे कितीही वाजोत, त्यांच्या घरी त्यातला पैसा येत नसे. संगीतकारांपुरता हा नियम २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने बदलला आहे. चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजण्याखेरीज त्या संगीताचा जो अन्य वापर होतो, त्याच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा समान वाटा करार करूनही त्याच्याकडून काढून घेता येत नाही. तो वारसांकडे किंवा रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या कॉपीराइट सोसायटीकडेच देता येतो. इथे लंडनमध्ये तर प्रत्येक कार्यक्रमातील संगीताचा तक्ता सेकंदांच्या हिशेबाने भरला जातो आणि पुनःप्रसारणाचे पैसे त्या तक्त्यावरून येतात. माझ्या वरिष्ठ संगीतकाराचे घरभाडे जुन्या मालिकांच्या पुनःप्रसारणातून सुटते. मैफलीसाठी चार वाद्यांच्या रचना लिहायला त्याला सवड मिळते ती त्यामुळेच.

म्हणून मुद्द्याची गोष्ट. पणजीतल्या एका निर्मात्याने अथर्वला मालिकेच्या पार्श्वसंगीताचे काम देऊ केले आहे, आणि ‘एकरकमी मोबदल्यात सर्व हक्क कायमचे’ असे त्या मसुद्यात लिहिले आहे, हे त्याने मला फोनवर सहज सांगितले. काम त्याने अवश्य घ्यावे, रक्कम लहान असली तरी घ्यावे. मात्र ते कलम तसेच ठेवून सही करू नये. तुम्ही शनिवारी म्हार्दोळला जाणारच आहात, तर मसुद्याच्या प्रत्येक पानाचा फोटो मला पाठवा आणि आत्याच्या शेजारच्या वकिलांनाही दाखवा. श्रेयनामावलीत नाव, रॉयल्टीतला वाटा आणि मूळ स्वरलेखन स्वतःकडे ठेवण्याची मुभा, एवढे तीन मुद्दे लेखी मिळाले की पुढचे शुल्क त्याचे त्याला ठरवू द्या.

आईची गुडघेदुखी कशी आहे ते कळवा. आत्याला नमस्कार.

तुमची,
मुक्ता