कमी अंतर, तरी सुवर्ण कसे?

संपादक महोदय,

ठाण्यातील जिल्हा पॅरा अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेच्या बातमीवर गेल्या आठवड्यात आपल्याच पानावर एका वाचकाचे पत्र आले होते. गोळाफेकीत लांब फेकणारा दुसरा आणि त्याच्याहून कमी फेकणारा पहिला, ‘हा कसला निकाल? सहानुभूतीने पदके वाटायची तर स्पर्धा कशाला भरवता?’ असा त्यांचा सवाल होता. मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो. निवृत्तीनंतर अशा स्पर्धांत फेकीच्या वर्तुळाशी पंच म्हणून काम करतो, म्हणून लिहायला बसलो. त्या वाचकांचा राग मला समजतो, कारण बातमीत नुसते मीटर छापले होते, खेळाडूंचा वर्ग कुठेच नव्हता. पॅरा फेकींत वर्गाशिवाय मीटर सांगणे म्हणजे आंब्याचा भाव सांगायचा आणि तो डझनाचा की पेटीचा हे सांगायचे नाही, असा प्रकार.

हा वर्ग ‘एफ’ आणि पुढे आकडा असा लिहितात. ‘एफ’ म्हणजे फील्ड, मैदानी प्रकार. पुढच्या दोन आकड्यांतला पहिला ढोबळमानाने दिव्यांगत्वाचा गट सांगतो, दुसरा तीव्रता. साधारणपणे एका गटात आकडा जितका लहान, तितकी शरीराची मर्यादा मोठी. ११ ते १३ दृष्टिबाधित, २० बौद्धिक दिव्यांग, ३१ ते ३८ सेरेब्रल पाल्सीसारख्या कारणांनी स्नायूंवर ताबा कमी असलेले, ४० आणि ४१ कमी उंचीचे, ४२ ते ४६ आणि ६१ ते ६४ हाता-पायाचे दिव्यांगत्व असलेले. ५१ ते ५७ हे बसून फेकणारे. ३१ ते ३४ हेही बसूनच फेकतात. परवा एका प्रेक्षकाने मला विचारले, ‘एफ ५७ म्हणजे सत्तावन्न वर्षांवरचे का हो?’ त्यांना तरी काय हसायचे! फलकावर खुलासा लावायचे कोणाला सुचले नव्हते.

आता आकडे पाहा. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये दीपा मलिकने ४.६१ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवले, वर्ग एफ ५३. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडच्या सचिन खिलारीने २०२४ ला पॅरिसमध्ये १६.३२ मीटर फेकून रौप्यच मिळवले, वर्ग एफ ४६. दीपाच्या छातीखालच्या शरीराला संवेदना नाही. सचिन दोन्ही पायांवर उभा राहून, कंबरेचा पूर्ण झटका देऊन फेकतो, त्याची अडचण हाताची. नांदेडची भाग्यश्री जाधव पॅरिसला एफ ३४ मध्ये ७.२८ मीटरवर पाचवी आली. तेच अंतर उभ्याने फेकणाऱ्या एफ ३७ मध्ये पदकाच्या जवळपासही फिरकणार नाही. शिवाय गोळाही सगळ्यांचा एक नसतो. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा; एफ ५७ चा ४ किलोचा.

मोठ्या स्पर्धांत बहुतेक वेळा एका वर्गाची स्वतंत्र स्पर्धा होते, तिथे लांब फेकेल तो पहिला, विषय संपला. जिल्हा पातळीवर मात्र एकेका वर्गात दोन-तीनच खेळाडू येतात. मग वर्ग एकत्र करून गुणतक्ता लावतात. याला रझा पद्धत म्हणतात. प्रत्येक वर्गात जगभर नोंदल्या गेलेल्या उत्तम फेकींवरून त्या वर्गाचा स्वतःचा तक्ता तयार असतो. खेळाडूचे मीटर त्यात घातले की गुण निघतात आणि गुण जास्त त्याचा नंबर वर. ठाण्याच्या निकालात हेच झाले. सहानुभूतीचा एक गुणही त्यात नाही.

मग घोळ होतच नाही का? होतो. २०१२ ला लंडनमध्ये महिलांच्या थाळीफेकीत एफ ३५ आणि ३६ हे वर्ग एकत्र होते. युक्रेनच्या मारिया पोमाझानला सुवर्ण देऊन झाले आणि नंतर गुणांच्या हिशेबातली चूक सापडली. फेरमोजणीत सुवर्ण चीनच्या वू चिंगकडे गेले. वर्ग ठरवण्याचे कामही वादाचे असते. २०२१ च्या टोकियोत विनोद कुमारने एफ ५२ थाळीफेकीत कांस्य मिळवले, पण वर्गीकरण करणाऱ्या तज्ज्ञांना त्याला त्या वर्गात बसवता आले नाही आणि पदक गेले. म्हणून माझे म्हणणे असे की संशय घ्यायचाच तर वर्ग आणि गुण यांवर घ्यावा. पण त्यासाठी ते आधी छापून आले पाहिजेत. आपल्या क्रीडा प्रतिनिधींना विनंती, नावापुढे वर्ग आणि एकत्रित स्पर्धा असेल तर गुणही द्या. ओळ थोडी लांबेल एवढेच.

खरा अन्याय कुठे होतो, ते त्या पत्रलेखकांनी वर्तुळाशी येऊन पाहावे. बसून फेकणारा खेळाडू सहसा चाकाच्या खुर्चीवरून फेकत नाही. त्याची लोखंडी फ्रेम असते, बैठक गादी धरून ७५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, पुढे हाताने धरायला एक सरळ दांडा. ही फ्रेम वर्तुळाच्या आत ठेवून पट्ट्यांनी जमिनीला आवळून बांधतात. बांधायला वेळ लागतो, म्हणून एकेका खेळाडूच्या फेकी सलग घेतात. माझे काम बाजूला गुडघ्यावर बसून त्याची बैठक निरखणे. बूड गादीवरून सुटले की लाल झेंडा. पॅरिसला एफ ५१ च्या क्लब थ्रोमध्ये भारताच्या धरमबीरचे पहिले चार प्रयत्न सलग फाऊल गेले आणि पाचव्याला ३४.९२ मीटर, सुवर्ण. (योगायोग असा की क्लब ज्या पाचरीच्या आकाराच्या आखलेल्या भागात पडावा लागतो, त्या सेक्टरचा कोनही ३४.९२ अंशच असतो; आम्हा पंचांना असल्या गोष्टींचीच गंमत.) क्लब म्हणजे ३९७ ग्रॅमची लाकडी मोगरी. एफ ५१ च्या खेळाडूंच्या बोटांत पकड नसते, म्हणून चिकट द्रव्य लावून ती बोटांत अडकवतात आणि कित्येक जण पाठमोरे बसून डोक्यावरून मागे फेकतात.

या सगळ्यात फ्रेम एक बोटभर जरी हलली तरी फेकीतला जोर तिथेच मुरतो. खेळाडू दांड्याला ओढ देतो आणि फ्रेमच त्याच्याकडे कलते. नवी मुंबईतल्या एका मैदानावर मी पाहिले, वर्तुळ छान गुळगुळीत, पण पट्टा अडकवायला आजूबाजूला एक कडी नाही. ऐरोलीहून येणारा एफ ५५ चा मुलगा सराव करतो तेव्हा त्याचे वडील आणि रिक्षावाला फ्रेमचे मागचे पाय दाबून बसतात. गोळा सुटताना दोघेही डोळे मिटतात. रोज दोन माणसे मिळत नाहीत, मग त्या दिवशी नुसता हातांनी दोरी ओढण्याचा व्यायाम. लोखंडी फ्रेम लोकलच्या दिव्यांग डब्यात चढवता येत नाही, टेम्पोचे भाडे वेगळे. हाच मुलगा स्पर्धेत घट्ट बांधलेल्या फ्रेमवर बसतो तेव्हा त्याला तोल नव्याने शोधावा लागतो, आणि सलग फेकींत तो सापडेपर्यंत पाळी संपते.

ठाणे-नवी मुंबईत फेकीचे वर्तुळ असलेल्या प्रत्येक मैदानावर वर्तुळाभोवती लोखंडी कड्या काँक्रीटमध्ये पक्क्या बसवाव्यात. त्या जमिनीच्या पातळीखाली घेऊन वर झाकण दिले तर उभ्याने फेकणाऱ्यांच्या पायात येत नाहीत. एका मैदानाचे काम एक गवंडी आणि एक वेल्डर दोन दिवसांत उरकतील.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कळवा (ठाणे)