गोल्ड स्टार मोटारसायकल घेताना पाठीशी उभ्या राहिलेल्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "पुरे रे" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. इंग्लंडात आपल्यापैकी ज्या कुणाला जुनी ब्रिटिश रेसिंग मोटारसायकल लिलावात घ्यायची असेल, त्यांनाही कळू दे की तुम्ही माझ्यासाठी काय केलंत.

बीएसए कंपनीच्या गोल्ड स्टारचं वेड मला आधीपासून होतं, पण तिचा इतिहास तुमच्याकडून ऐकला. 1937 साली वॉल हँडली यांनी ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर बीएसए पळवताना ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारली आणि सोनेरी ताऱ्याचा बिल्ला मिळवला. पुढच्याच वर्षी ते नाव बर्मिंगहॅमच्या कारखान्याने गाडीला दिलं. 1956 मध्ये बर्नार्ड कॉड यांनी आयल ऑफ मॅनवरच्या, हौशी रेसरांच्या क्लबमन टीटीच्या ज्युनियर आणि सीनियर अशा दोन्ही शर्यती गोल्ड स्टारवर जिंकल्या. मला हवी होती ती त्याच साली आलेली 499 सीसीची डीबीडी34 हे मॉडेल.

इतकं नाव झालेल्या गाडीच्या नकला निघणारच. बीएसएच्याच साध्या बी31 किंवा बी33 मॉडेलच्या फ्रेममध्ये गोल्ड स्टारचं इंजिन बसवायचं, क्रोमची टाकी चढवायची, की लांबून फरक कळत नाही. लिलावाआधीच्या पाहणीच्या दिवशी लोक टाकीचे फोटो काढत होते आणि तुम्ही या वयात टॉर्च घेऊन जमिनीवर आडवे झालात. "इकडे ये, उजव्या बाजूची खालची नळी बघ," म्हणालात. खऱ्या फ्रेममध्ये ऑइल पंपाला जागा मिळावी म्हणून त्या नळीला बाक दिलेला असतो. सगळ्यांत चकचकीत गाडीची नळी सरळसोट होती. तुम्ही काही बोलला नाहीत, मला स्वतःला दिसेपर्यंत थांबलात. त्या थांबण्याबद्दल मी तुमचा सर्वांत जास्त ऋणी आहे.

मग नंबर. इंजिनावर डीबीडी34जीएस, फ्रेमवर सीबी32 आणि पुढे आकडे. बीएसएमध्ये इंजिनाचे आणि फ्रेमचे आकडे मुळातच वेगवेगळे असायचे, त्यामुळे ते जुळतात का हे पाहून काहीच सिद्ध होत नाही. ती जोडी कारखान्यातून एकत्र बाहेर पडली का, हे पाहायचं असतं. कारखान्याच्या पाठवणीच्या नोंदवह्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे आहेत. लिलावाची यादी हाती पडताच तुम्ही मला तिथे चौकशी करायला लावलीत, आणि दुसऱ्या, जरा मळकट दिसणाऱ्या गाडीचे दोन्ही नंबर एकाच नोंदीत सापडले.

पैशाचं गणितही तुम्हीच मांडून दिलंत. हातोडा पडतो ती शेवटची किंमत नसते. समजा बोली 10,000 पौंडांवर थांबली आणि लिलाव कंपनीचं खरेदीदाराकडून घ्यायचं कमिशन 15 टक्के असेल, तर 1,500 पौंड ते आणि त्यावर 20 टक्के व्हॅटचे 300, म्हणजे खिशातून 11,800 जातात. ही बेरीज आधी करून त्याप्रमाणे आपली मर्यादा तुम्ही मला कॅटलॉगवर पेनाने लिहायला लावलीत. चकचकीत गाडीची बोली चढत गेली तेव्हा माझा हात खालीच राहिला. आपल्या गाडीवर बोली लागली तेव्हा तुम्ही शेजारी इतके शांत बसला होतात की माझाही आवाज स्थिर राहिला. मर्यादेच्या आतच हातोडा पडला.

आता तुमच्याच सांगण्यावरून मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) रिवाइंडिंगला दिलाय. अमल जीपी कार्बोरेटर उघडून साफ केलाय. गिअरबॉक्स आरआरटी2, म्हणजे शर्यतीसाठीचा आहे, त्याचा पहिला गिअर इतका लांब की ताशी साठ मैलांच्या आसपास नेतो. क्लच किती घसरवत गाडी हलवायची ते मला शिकायचंय, आणि ते तुमच्याचकडून. पुढच्या महिन्यात मॅग्नेटो परत आला की लगेच कळवतो. पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, निदान जेवायला तरी काकूंना घेऊन या.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमचा,
गोल्ड स्टारवाला पुतण्या