बाळाचं नाव ठरवताना

प्रिय बेनी,

शालोम. काल फोनवर म्हणालास ना, नाव छोटं आणि मॉडर्न पाहिजे, अर्थाचं काय ते नंतर बघू, तेव्हा मी गप्प बसले पण रात्रभर तेच डोक्यात, म्हणून लिहितेय. इस्रायलमध्ये अश्दोदला राहून तू हिब्रू माझ्यापेक्षा फाडफाड बोलतोस, मी तुला काय शिकवणार. पण तोरामध्ये, आपल्या धर्मग्रंथात बघ, आईच्या मनात त्या वेळी जे असायचं तेच पोराचं नाव. लेआचंच घे. नवऱ्याचा, याकोबचा, सगळा जीव तिच्या सवतीवर, धाकट्या बहिणीवर, राहेलवर, हिला विचारतंय कोण, मग पहिला झाला तर रूबेन म्हणजे बघा, मुलगा झाला! दुसरा शिमोन, देवाने माझं ऐकलं, तिसरा लेवी, आता तरी नवरा जोडला जाईल माझ्याशी. चौथ्याच्या वेळी तिने नवऱ्याचा विषयच सोडला, यहूदा म्हणाली, देवाची स्तुती. आपण यहुदी म्हणवतो ते त्या चौथ्यावरून! बिचारीचा अख्खा संसार चार नावांत आला.

तुझ्या नावावरून तर घरात भांडण झालेलं, तुला कधी सांगितलं नाही. राहेल बाळंतपणात गेली, जाता जाता बाळाला बेन-ओनी म्हणाली, माझ्या दुःखाचा मुलगा, आणि याकोबने ते बदलून बिन्यामीन केलं, उजव्या हाताचा मुलगा. तुझ्या वेळी माझंही रक्त फार गेलं होतं, त्यात पप्पांनी हेच नाव काढलं तर तुझी आजी भडकलीच, आई मेली त्या पोराचं नाव कशाला म्हणून. पप्पा म्हणाले, ह्याची आई वाचली ना, म्हणूनच.

आणि मॉडर्नचं म्हणशील तर आपले कोकणातले लोकही कमी नव्हते, शमुवेलचा सामाजी केला, यहेज्केलचा हसाजी. मुंबईत १७९६ ला आपलं पहिलं सिनेगॉग, प्रार्थनामंदिर, बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकरांनी, नाव ऐकून कोणाला वाटेल का हिब्रू आहे?

मुलगी झाली तर मला हन्ना आवडतं, कृपा असा अर्थ आहे, पण माझं राहू दे. सूनबाईला विचारलंस का तू? कालच्या अख्ख्या फोनमध्ये तूच बोलत होतास, आणि लेआने काय याकोबला विचारून नावं ठेवली नव्हती.

मलिद्याचे, आपल्या गोड प्रसादाचे, पोहे मी इथूनच आणतेय.

तुझी,
आई